'गोल्डन मेमरी' नको, प्रसंग सांगा!

कोणत्याही कॉलेजच्या मासिकाचा इंग्रजी विभाग उघडून बघा. 'अ‍ॅन अनफर्गेटेबल डे' किंवा 'गोल्डन मेमरीज' अशा नावाचा एखादा तरी लेख त्यात असतोच. लेखक सुरुवातीला सांगतो की तो दिवस तो आयुष्यभर विसरणार नाही. शेवटी पुन्हा तेच सांगतो. आपण मात्र पान उलटेपर्यंत तो दिवस विसरून गेलेलो असतो.

गंमत म्हणजे हाच मुलगा मेसमधून परत येताना तोच किस्सा मराठीत सांगायला लागला, की आजूबाजूच्या चार रूममधली पोरं गोळा होतात. मध्येच कोणी बोललं तर बाकीचे त्याला गप्प करतात. मग इंग्रजीत लिहिताना त्या किश्शाचं नेमकं होतं काय?

"आपली इंग्लिश कच्ची आहे यार, मराठी मीडियम ना!" हे उत्तर ठरलेलं आहे. पण ते अर्धंच खरं आहे. इंग्लिश मीडियममधून आलेल्यांचे लेखही पुष्कळदा तितकेच सपाट असतात. फक्त त्यांचं स्पेलिंग बरोबर असतं.

हा विषय केवळ मासिकापुरता नाही. परदेशी विद्यापीठाला पाठवायचं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, की कॅम्पस इंटरव्ह्यूमधला 'टेल मी अबाउट अ टाइम व्हेन...' हा प्रश्न असो, मागणी एकच असते : स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग इंग्रजीत सांगा. समोरच्याला आपलं गाव ठाऊक नसतं, घर ठाऊक नसतं. मार्कशीटवर टक्के दिसतात. ते टक्के कुठून, कसे आले हे मार्कशीट सांगत नाही, ते प्रसंगच सांगतो. तिथे 'आय फेस्ड मेनी डिफिकल्टीज' एवढं लिहून आपण गप्प बसलो, तर सांगण्यासारखं सगळं आपल्याकडेच राहतं. जो मुलगा सगळ्यात लांबून आलेला असतो, त्याचंच बहुधा सगळ्यात जास्त नुकसान होतं.

१९०१ सालचा एक प्रवास

मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलेल्या आत्मकथनाचं एक उदाहरण प्रत्येक हॉस्टेलाइटने वाचावं असं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये प्रसिद्ध केल्या. लिखाण जेमतेम एका बैठकीत वाचून होईल एवढंच आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासक्रमात वाचलं गेलं आहे.

सुरुवातीलाच बाबासाहेब एक मुद्दा मांडतात. अस्पृश्यता काय आहे हे परक्या माणसाला समजवायचं तर दोन मार्ग आहेत. एक, तिचं सर्वसाधारण वर्णन करायचं. दुसरा, प्रत्यक्ष घडलेले प्रसंग सांगायचे. दुसरा मार्ग जास्त परिणामकारक वाटतो म्हणून ते तो निवडतात. ज्यांनी अर्थशास्त्रावर आणि कायद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले, त्यांना सर्वसाधारण वर्णन काही जड नव्हतं. तरी त्यांनी प्रसंग निवडले, हे लक्षात घ्या.

पहिला प्रसंग १९०१ सालचा आहे. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील सातारा जिल्ह्यात एका तलावाच्या सरकारी कामावर रोखपाल होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायचं म्हणून मुलं नवे कपडे घालून निघाली. सोबत कोणी मोठं माणूस नाही. मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो. मुलं महार आहेत हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले न्यायला तयार नाहीत. शेवटी एक जण तयार होतो : भाडं दुप्पट घ्यायचं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. डब्यात जेवण भरपूर आहे, पण प्यायला पाणी नाही. रात्री जकात नाक्यावर पाणी मिळावं म्हणून मुलं आपण मुसलमान आहोत असं सांगतात, उर्दूत बोलतात. तरीही पाणी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांकडे पोचल्यावर कळतं की मुलांचं पत्र आलं होतं, पण नोकराने ते वडिलांना दिलंच नव्हतं.

आता विचार करा, यातलं काय आपल्या डोक्यात राहिलं? भरलेला डबा आणि नसलेलं पाणी. दुप्पट भाडं देऊन स्वतःच गाडी हाकणारी लहान मुलं. 'माझ्यावर फार अन्याय झाला' हे वाक्य शंभर वेळा लिहूनही जे झालं नसतं, ते या दोन गोष्टींनी होतं. आणि त्या सांगायला अवघड इंग्रजी लागत नाही. तहान, गाडी, पाणी, भाडं, रात्र, हे सगळे शब्द आपल्याला सातवी-आठवीतच येत असतात.

आधी ऑब्झर्वेशन, मग कन्क्लुजन

हे आपल्या भाषेत सांगायचं तर जर्नल आठवा. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधी ऑब्झर्वेशन टेबल असतं, खाली कॅलक्युलेशन आणि शेवटी कन्क्लुजन. रीडिंग न घेता कोणी नुसतं 'हेन्स प्रूव्हड' लिहून आणलं तर सर काय करतील? जर्नल परत फेकतील.

आपले इंग्रजी लेख नेमके तसेच असतात. 'आय वॉज व्हेरी सॅड' हे कन्क्लुजन झालं. 'इट वॉज अ थ्रिलिंग एक्स्पीरिअन्स' हेही कन्क्लुजन. 'माय फ्रेंड्स आर व्हेरी हेल्पफुल' हे पण. रीडिंग कुठे आहेत? काय दिसलं, काय ऐकू आलं, कशाचा वास आला, किती वाजले होते, कोण काय बोललं, हातात काय होतं, ही आपली रीडिंग. वाचकासमोर ती नीट मांडली की तो कन्क्लुजन स्वतःच काढतो. आणि स्वतः काढलेल्या कन्क्लुजनवर त्याचा जास्त विश्वास बसतो.

एक उदाहरण करून बघू

समजा विषय आहे हॉस्टेलचा पहिला दिवस. नेहमीचा लेख साधारण असा सुरू होतो :

'हॉस्टेल लाइफ इज अ गोल्डन पीरिअड. व्हेन माय फादर केम टू ड्रॉप मी, आय वॉज व्हेरी इमोशनल. माय फादर वॉज ऑल्सो इमोशनल. इट वॉज अ हार्ट-टचिंग मोमेंट.'

व्याकरणाची चूक नाही, पण चित्र दिसत नाही. आता ज्याने हे लिहिलं त्याला समोर बसवून मराठीत साधे प्रश्न विचारा. वडील रूममध्ये आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं? काही विकत घेतलं का? काय बोलले? परत कसे गेले? समजा उत्तर मिळालं की त्यांनी दाराचं कुलूप बघितलं, ते कच्चं वाटलं म्हणून गेटजवळच्या दुकानातून नवं घेतलं. आता हेच इंग्रजीत असं होईल :

'अवर रूम हॅड थ्री कॉट्स अँड नो फॅन. माय फादर लुक्ड अ‍ॅट द डोअर अँड सेड, "द लॉक इज वीक." वी वॉक्ड बॅक टू द शॉप निअर द गेट. ही बॉट अ बिग ब्रास लॉक. ही ओपन्ड इट अँड क्लोज्ड इट थ्री टाइम्स. देअर वेअर टू कीज. ही गेव्ह मी वन. ही पुट द अदर इन हिज शर्ट पॉकेट अँड बटन्ड द पॉकेट. द लास्ट बस वॉज अ‍ॅट फाइव्ह. फॉर फोर यीअर्स दॅट की हंग ऑन अ नेल इन अवर हाउस, टू हंड्रेड किलोमीटर्स फ्रॉम द लॉक.'

यात एकही शब्द असा नाही की डिक्शनरी उघडावी लागेल. 'इमोशनल' हा शब्दच नाही. तरी वडिलांच्या मनात काय चाललं होतं ते कळतं, कारण त्यांनी कुलूप तीनदा उघडून पाहिलं आणि किल्ली ठेवल्यावर खिशाचं बटण लावलं. 'थ्री टाइम्स', 'टू कीज', 'अ‍ॅट फाइव्ह', 'टू हंड्रेड किलोमीटर्स' हे आकडेही बघा. आपण इंजिनिअरिंगवाले, आकडे आपल्याला जवळचे. लेखात मात्र आपण 'मेनी', 'लाँग', 'लेट नाइट' असं मोघम लिहितो.

मराठीतून इंग्रजीत जाताना

आठवण आपल्या मनात मराठीत असते. त्यात कमीपणा काहीच नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' घरगुती, बोलल्यासारख्या मराठीत लिहिली. १९३४ पासून ते पुस्तक भागाभागाने आलं. १९५० मध्ये 'आय फॉलो आफ्टर' या नावाने त्याचं इंग्रजी झालं आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांनी त्याचं नवं इंग्रजी भाषांतर केलं. साधं बोलणं इंग्रजीत टिकत नाही, हा समज म्हणूनच काढून टाका. फक्त काही ठिकाणी दोन्ही भाषांची चाल वेगळी आहे, तिथे जरा जपायला हवं.

पहिली गोष्ट काळाची. मराठीत सांगताना आपण म्हणतो, "मी रूमवर गेलो, बघतो तर काय, दार उघडं!" भूतकाळातून मध्येच वर्तमानात उडी मारतो आणि ऐकणाऱ्याला मजा येते. इंग्रजीत नवशिक्याने अशी उडी मारली की वाचक गोंधळतो. साधा भूतकाळ धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. तसंच 'गेलो होतो', 'आलो होतो' मनात असल्यामुळे आपण जिथे तिथे 'हॅड गॉन', 'हॅड कम' लिहितो. दोन घटनांपैकी आधीची घटना नंतर सांगायची असेल तेव्हाच 'हॅड' लागतो. एरवी 'वेंट' आणि 'केम' पुरतात. आणि 'डिड नॉट' नंतर 'गो' येतं, 'वेंट' नाही, हे तर सगळ्यांना माहीत असूनही घाईत चुकतं.

दुसरी गोष्ट लांब वाक्यांची. 'उठून, तोंड धुऊन, डबा घेऊन, सायकल काढून निघालो' हे मराठीत एका दमात सुंदर वाटतं. इंग्रजीत त्याची 'हॅविंग'ची माळ करू नका. सरळ तीन वाक्यं करा. किंवा विचारा की यातलं खरंच काय हवं आहे? सायकलची चेन त्या दिवशी तुटली असेल तर सायकल ठेवा, तोंड धुणं सोडून द्या.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि ही मोठी मजेची आहे. मराठी आवाज क्रियापदाच्या शेजारी ठेवते : दार धाडकन बंद झालं, पाणी टपटप गळत होतं, फोडणी चर्रकन झाली. इंग्रजीत तो आवाज बऱ्याचदा क्रियापदातच असतो : 'द डोअर स्लॅम्ड', 'द टॅप ड्रिप्ड', 'द ऑइल सिझल्ड'. कॉट कुरकुरली तर 'क्रीक्ड', भांडी खणखणली तर 'क्लॅटर्ड'. 'द डोअर वॉज क्लोज्ड विथ अ बिग साउंड' असं लिहायची गरज नाही. अशी वीस-पंचवीस क्रियापदं एका वहीत काढून ठेवा. कोणत्याही भारी विशेषणापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात.

चौथी गोष्ट बोलण्याची. 'तो म्हणाला की तू उशीर केलास' याचं आपण 'ही टोल्ड मी दॅट यू आर लेट' असं करतो. मराठीत 'की' नंतर मूळ बोलणं तसंच राहतं, इंग्रजीत 'दॅट' नंतर माणूसही बदलतो आणि काळही. त्यातून वाट काढायचा सोपा उपाय म्हणजे अवतरणचिन्ह घालून थेट बोलणंच लिहा : 'यू आर लेट,' ही सेड. चूकही टळते आणि प्रसंगही जिवंत होतो. मात्र रेक्टर सर किंवा गावची आजी शेक्सपिअरच्या इंग्रजीत बोलताना दाखवू नका. त्यांचं वाक्य छोटं ठेवा.

पाचवी गोष्ट आपल्या खास शब्दांची. मामा, काका आणि आत्याचे यजमान या सगळ्यांना 'अंकल' केलं की घरातली माणसं ओळखू येत नाहीत. 'मामा' तसंच ठेवा आणि पहिल्यांदा 'माय मदर्स ब्रदर' एवढं सांगा. भाकरीला 'ब्रेड' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे बेकरीची पाव-लादी येते. त्यापेक्षा 'भाकरी' लिहा आणि आई ज्वारीचं पीठ हाताने थापते हे एका वाक्यात दाखवा. वाचकाला अर्थही कळेल आणि चित्रही मिळेल.

कुठून सुरू करायचं, काय गाळायचं

आपली सवय अशी की ट्रेकला गेल्याचा लेख आदल्या आठवड्यातल्या मीटिंगपासून सुरू करायचा. पैसे कोणी गोळा केले, गाडी कोणी ठरवली, किती वाजता उठलो. खरा प्रसंग, म्हणजे धुक्यात वाट चुकली तो अर्धा तास, दोन ओळींत संपतो. उलटं करा. त्या अर्ध्या तासाला पानभर जागा द्या, बाकीचा दिवस तीन वाक्यांत उरका. लेख म्हणजे अटेंडन्स शीट नव्हे. सगळ्यांची नावं यायलाच हवीत असं नाही.

दुसरी कसोटी बदलाची. प्रसंगाच्या आधी जे वाटत होतं आणि नंतर जे वाटलं, त्यात काही फरक पडला का? फरक पडला असेल तर तो प्रसंग लिहिण्याजोगा आहे, मग तो कितीही लहान असो. पहिली केटी लागली त्या दिवशी घरी फोनवर काय सांगितलं, हा विषय काश्मीरच्या ट्रिपपेक्षा मोठा असू शकतो.

आणि शेवटी 'मॉरल' जोडू नका. 'दस आय लर्न्ट दॅट हार्ड वर्क इज द की टू सक्सेस' हे वाक्य आलं की आधीचं सगळं पुसलं जातं.

कॉपी आणि व्हायवा

आता मोबाईलला सांगितलं की अर्ध्या मिनिटात बिनचूक इंग्रजीत निबंध तयार मिळतो. व्याकरण तपासायला त्याची मदत घ्या, पण त्याला आपला प्रसंग माहीत नसतो. तुमच्या वडिलांनी खिशाचं बटण लावलं हे त्याला कुठून कळणार? तो पुन्हा 'हार्ट-टचिंग मोमेंट'च लिहून देईल, फक्त जरा भारी शब्दांत. शिवाय कॉपी केलेलं जर्नल सबमिशनला चालून जातं, पण व्हायवाला उघडं पडतं. इंटरव्ह्यू म्हणजे व्हायवाच. 'मग पुढे काय झालं?' या एका प्रश्नावर रचलेला प्रसंग कोसळतो. खरा प्रसंग दहा प्रश्नांना पुरून उरतो.

एक काळजी मात्र घ्या. आपल्या प्रसंगात दुसरी माणसंही असतात. रूममेटच्या घरची अडचण, मित्राचं आजारपण, कोणाचं तरी रडणं, हे लिहिण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर सोडून द्या.

करून बघण्याची पद्धत

१. प्रसंग आधी रूममेटला मराठीत तोंडी सांगा. तो कुठे 'मग?' म्हणतो आणि कुठे मोबाईल बघतो, तिकडे लक्ष ठेवा.

२. त्या प्रसंगात दिसलेल्या, ऐकलेल्या, हाताला लागलेल्या दहा गोष्टी लिहा. भाषा कोणतीही चालेल.

३. डिक्शनरी बाजूला ठेवून पंचवीस-तीस ओळी इंग्रजीत लिहा. शब्द अडला तर मराठीच लिहा आणि पुढे जा.

४. दुसऱ्या दिवशी वाचा. पहिला परिच्छेद खोडून बघा. बहुतेक वेळा लेख दुसऱ्यापासूनच सुरू होतो. 'व्हेरी' आणि 'गोल्डन' जिथे असतील तिथे थांबा आणि तिथलं खरं रीडिंग काय ते लिहा.

५. सगळ्यात शेवटी व्याकरण तपासा. इंग्रजीच्या मॅडमना किंवा एखाद्या सीनिअरला दाखवा. 'बरोबर आहे का?' एवढंच विचारू नका. 'तुम्हाला काय दिसलं?' असं विचारा.

दोस्तांनो, या हॉस्टेलमध्ये कोणी दुष्काळी गावातून आलंय, कोणी गिरणगावच्या चाळीतून, कोणी घरातला पहिला पदवीधर होणार आहे. इथपर्यंत येताना जे पाहिलं ते प्रत्येकाचं वेगळं आहे आणि त्यातलं बरंचसं इंग्रजीत अजून कोणी लिहिलेलंच नाही. ते लिहायला लागणारे शब्द आपल्याकडे आहेत. तेव्हा सबमिशन संपल्यावर एक रात्र काढा आणि एकच प्रसंग लिहा. मासिकाच्या इंग्रजी विभागाला पानं भरायला लेख हवेच असतात, त्यांना या वेळी एक खरा लेख मिळू द्या!